स्टुलावर चढवलेली गाडी

गोव्यात हल्ली थार घेतली की महिन्याभरात ती ‘उंच करून’ आणायची असते. कोणी दोन इंच, कोणी तीन. मग खाली काळ्याभोर अलॉयच्या रिमा, त्यांवर दात विचकलेले मड टायर, आणि एवढा सगळा थाट करून गाडी रोज जाते कुठे, तर पर्वरीहून अटल सेतूवरून पणजीला कचेरीत! सेतूला चढ आहे हे मान्य, पण तो डांबराचा आहे.

हौसेला माझी ना नाही. ज्याचे पैसे त्याची हौस. माझं भांडण आहे ते क्रमाशी. ‘ऑफ-रोड’ या नावाखाली दुकानातून ज्या क्रमाने वस्तू गळ्यात मारल्या जातात तो साफ उलटा आहे, आणि आमची शिकलीसवरलेली मुलं तो मुकाट्याने मान्य करतात. आधी रिम पसंत करायची, मग तिला शोभेल असा टायर, मग टायर मडगार्डला घासतो म्हणून लिफ्ट. खरं तर आधी विचारायचं की गाडी जाणार कुठे. त्यावरून टायर ठरतो, टायरवरून रिम. लिफ्टचा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो, आणि बहुतेकांच्या बाबतीत तो येतच नाही.

‘तुम्ही कचेरीत फायली सरकवणारे, त्यातून बी.ए.; तुम्हाला गाडीतलं काय कळतं?’ असं माझ्या भाच्याने मला ऐकवलं आहे. ठीक आहे. पण टायरच्या कुशीवर छापलेले आकडे वाचायला इंजिनिअर लागत नाही. 245/75 आर 16 याचा अर्थ एवढाच की टायर 245 मिलिमीटर रुंद, त्याच्या 75 टक्के, म्हणजे सुमारे 184 मिलिमीटर, त्याची कूस उंच, आणि आत 16 इंचांची रिम. बेरीज केली की चाकाचा व्यास येतो 774 मिलिमीटर. हा झाला चौथीतला हिशेब. तेवढा केला तरी दुकानदाराची निम्मी बडबड बंद होते.

आता लिफ्ट. 2020 साली आलेल्या थारला मागे सलग अ‍ॅक्सल आहे, एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत, आणि त्यात डिफरन्शियलचा गोळा. व्हाळातला धोंडा मागे आपटतो तो बहुधा याच गोळ्याला. स्प्रिंगा उंच बसवल्या, की त्यांच्या खाली पक घातले, की काय उचललं जातं? स्प्रिंगांच्या वर जे आहे ते: चासी, बॉडी, सीट आणि सीटवर बसलेले आपण. गोळा स्प्रिंगांच्या खाली आहे, तो होता तिथेच राहतो. पन्नास मिलिमीटरची लिफ्ट करा नाहीतर शंभरची, तो तसूभरही वर येत नाही. त्याला वर उचलतो फक्त टायर, आणि तोही वाढलेल्या व्यासाच्या निम्मा. वरच्या टायरऐवजी लोक ज्याला ‘तेहेतीस इंची’ म्हणतात तो 285/70 आर 17 घातला तर व्यास होतो 831 मिलिमीटर. फरक सत्तावन्नचा, त्याचा निम्मा साडेअठ्ठावीस. दीड बोट समजा. या दीड बोटासाठी स्प्रिंगा, शॉकअप, रिमा, पाच टायर आणि वर मजुरी.

लिफ्टचा काहीच उपयोग नाही असं मी म्हणत नाही. उंचवट्यावरून जाताना पोट टेकत नाही, समोरच्या चढाला बंपर लवकर लागत नाही, मोठ्या टायरला हलायला जागा मिळते. पण ही थार कारखान्यातूनच 226 मिलिमीटर उंच आणि 650 मिलिमीटर पाण्यातून जाईल अशी आली. सत्तरीच्या किंवा सांग्याच्या कुठल्या पाणंदीत तिचं पोट टेकलं ते आधी सांगा, मग स्प्रिंगांचं बोलू. कुळ्याहून दूधसागरला पर्यटक नेणाऱ्या जीपांचे चालक बघा. त्यांना पाण्याखालचा दगड न् दगड ठाऊक असतो, कुठलं चाक कुठे ठेवायचं ते ठाऊक असतं. ते दुकानात मिळत नाही.

आणि लिफ्टची किंमत बिलावर संपत नाही. थारची पुढची चाकं स्वतंत्र हलणारी आहेत. बॉडी वर गेली की इंजिनाकडून चाकाकडे जाणारे शाफ्ट जास्त तिरके होतात, त्यांच्या सांध्यांवरचे रबरी बूट ताणले जातात, फाटतात, ग्रीस बाहेर येतं आणि आमची तांबडी माती आत जाते. ब्रेकचे होज तंग होतात. अलाइनमेंट बिघडते, ती न करता तसेच फिरलात तर नवे कोरे टायर एका बाजूने खाल्ले जातात. स्वस्तातले पक घालून शॉकअप जुनाच ठेवला तर चाकाला खाली जायला वावच उरत नाही, म्हणजे खड्ड्यात चाक अधांतरी. ऑफ-रोडसाठी केलेल्या खर्चाने गाडी ऑफ-रोडला अधिक वाईट झाली!

सगळ्यात गंभीर गोष्ट वळणाची. डोक्यावर घागर घेतलेली बाई वळताना पावलं जपून टाकते. तिला कोणी भौतिकशास्त्र शिकवलेलं नसतं. गाडीचा भार वर गेला आणि चाकांमधलं अंतर तेवढंच राहिलं तर ती लवकर कलंडते. चोर्ल्याच्या घाटात, पावसात, समोरून ट्रक आल्यावर एकदम स्टिअरिंग ओढलं की ही उंची कामाला येते, पण उलट्या बाजूने. त्यात स्पीडोमीटरही खोटं बोलतो. वरचा मोठा टायर घातला की काटा 60 दाखवतो तेव्हा गाडी 64 ने चाललेली असते.

रिमांविषयी आमच्याकडे फार सुंदर म्हण आहे, नाकापेक्षा मोती जड. रिम जेवढी मोठी तेवढं तिच्याभोवतीचं रबर कमी, कारण एकूण चाक तर मडगार्डच्या आतच मावायचं असतं. दगडाचा मार रबर सोसतं, अलॉय नाही सोसत. गंमत बघा, 2020 ला थार आली तेव्हा रानात जाणाऱ्यांसाठी काढलेल्या एएक्स प्रकाराला कंपनीने 16 इंची रिम दिली होती आणि मिरवणाऱ्यांसाठीच्या एलएक्सला 18 इंची. 18 इंचावरच्या 255/65 टायरची कूस भरते सुमारे 166 मिलिमीटर, 16 वाल्याची 184. ज्यांनी गाडी बनवली त्यांना हे कळलं होतं. आमचे वीर 18 काढून 20 घालतात आणि स्वतःला ऑफ-रोडर म्हणवतात. शिवाय रिम बाहेर काढलेली हवी, म्हणजे चाक मडगार्डच्या बाहेर डोकावलं पाहिजे! बेअरिंगवर त्याचा भार येतो आणि शेजारच्या स्कूटरवाल्याच्या शर्टावर चिखल.

आता मी स्वतः जिथे पैसे घालीन ते, म्हणजे टायर. डांबर आणि कच्चा रस्ता दोन्ही असतील तर ऑल-टेरेन पुरे. मड टायरची नक्षी खोल आणि विरळ असते, चिखल झटकून टाकायला. पण ओल्या डांबराला त्याचं कमी रबर टेकतं आणि ब्रेक लांबतो. आमच्याकडे जूनपासून चार महिने डांबर ओलंच असतं. वाळूत तर तो टायर खड्डा खणतो. हल्ली काही टायरांवर हिमशिखराचं चिन्ह असतं, बर्फासाठी उत्तम म्हणून. मडगावात बर्फ फक्त मासळी बाजारात मिळतो! त्यापेक्षा कुशीवरचे चार आकडे वाचा: 2319 असेल तर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला माल. तारीख बघितल्याशिवाय कागद पुढे सरकवू नये ही आमची कारकुनी सवय, इथे ती उपयोगी पडते. रबर पडून पडून कडक होतं. डिकीच्या दारावर लटकणाऱ्या स्टेपनीचाही विचार करा. जड टायर तिथे टांगला की बिजागऱ्या कुरकुरू लागतात.

आणि फुकटातला उपाय कोणी सांगतच नाही, कारण त्यात विक्री नाही. हवा कमी करा. चिखलात किंवा सैल मातीत टायर 18-20 पीएसआयवर आणला की तो पसरतो, जमिनीला लांबवर टेकतो आणि गाडी निघते. 15 च्या खाली जाऊ नये, टायर रिमवरून निसटू शकतो. डांबरावर परत येताना पुन्हा हवा भरायची. हवेचा काटा आणि छोटा कॉम्प्रेसर, एवढंच सामान. लिफ्ट किटपुढे ही चिल्लर आहे.

कायद्याचं सांगायला मला आवडत नाही, दिवसभर तेच करतो. तरीही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं की गाडीचा मूळ तपशील बदलेल असा फेरफार मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते पुन्हा बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. दुकानदार ‘काही होत नाही’ म्हणतो. त्याला काही होतच नाही, गाडी तुमच्या नावावर असते. विमा कंपनीला न कळवता केलेली लिफ्ट अपघातानंतर कशी मोजली जाते ते तेव्हा विचारायला जाऊ नका, आधी जा.

हे सगळं वेड आलं कुठून? थोडं अमेरिकेतल्या फोटोंतून, थोडं घरातूनच. 2014 पासून गोव्याच्या पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज भरू लागली. त्या गाड्यांना रोलकेज असतो, विंच असते, आणि त्या ठरवून दिलेल्या जागेत धावतात. आम्ही फोटोतली उंची तेवढी उचलली आणि ‘ठरवून दिलेली जागा’ सोडून दिली. उंच गाडी मग घरी बसत नाही. किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे, तरी वाळूत रुतलेल्या गाड्यांच्या बातम्या येतातच. मोरजी आणि गालजीबागच्या वाळूत कासवं अंडी घालतात हे त्या टायरांना कोण सांगणार?

किनाऱ्याबद्दल निदान आरडाओरड होते. सड्याबद्दल कोणी बोलत नाही. जांभ्या दगडावर वीतभरसुद्धा माती नसते, आणि तेवढ्यात पावसाळ्यात सीतेची आसवं, गेंद, तेरडा, सगळं येऊन जातं. चवथीला माटोळीत बांधायला बाया-बापे तिथूनच काहीबाही आणतात. एकदा मड टायर फिरला की ती पातळ माती दगडावरून सोलली जाते, पुढच्या पावसात वाहून जाते, आणि चाकोरीत फक्त पाणी साचतं. मागच्या चवथीच्या आदल्या दिवशी आमच्या वरच्या सड्यावर अशा दोन चाकोऱ्या मी पावलांनी मोजल्या. दीडशे पावलांवर त्या थांबल्या होत्या. तिथे गाडी वळवून फोटो काढला असावा.