गाडी कुठं थांबणार, ते आधी सांगा

परवा खत आणायला जयसिंगपुरात गेलतो. दुकानात शक्तिपीठ महामार्गावरनं वाद पेटलेला. एकजण म्हणाला, "रस्ता आला की विकास येतोच." तिथं गप्प बसलो, इथं लिहितो.

ज्या गावात उभं राहून आम्ही भांडत होतो, ते गावच रेल्वेमुळं वसलंय. कोल्हापूर-मिरज रेल्वे 1891 ला सुरू झाली. 1895 ला शाहू महाराजांनी शाहूपुरी पेठ वसवली, तिथं गुळाचा बाजार वाढला. 1917 ला त्याच रेल्वेमार्गावर जयसिंगपूर वसवलं. म्हणजे महाराज नुसत्या रेल्वेवर थांबले न्हाईत. गाडी थांबते तिथं पेठ बसवली, पाण्यासाठी राधानगरीचं धरण हाती घेतलं. वाहतूक, पाणी आणि बाजार जुळले तेव्हा माणसं येऊन राहिली.

आता शक्तिपीठ बघा. मूळ आराखड्यात वर्ध्याच्या पवनारपासून गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीपर्यंत सुमारे 802 किलोमीटर. हा द्रुतगती मार्ग, ठरलेल्या ठिकाणीच चढायचं-उतरायचं. समृद्धीवर ट्रॅक्टरला बंदी आहे, इथं वेगळं काय होणार? जमीन आमची जाणार आणि उसाची ट्रॉली खालनं वळसा घालून जाणार.

अर्थशास्त्रज्ञ पॉल क्रुगमन यांना 2008 चं नोबेल मिळालं. धंदा आणि माणसं कुठं गोळा होतात, याचं गणित त्यांनी मांडलं. वाहतूक स्वस्त झाली की धंदा खेड्याकडंच येतो असं न्हाई, मोठ्या शहरातही गोळा होऊ शकतो. रस्ता दोन्हीकडनं चालतो. माल येतो, तशी पोरंही जातात.

मी रस्त्याच्या विरोधात न्हाई. माझ्या रानाला जाणारी पाणंद पावसाळ्यात गुडघाभर चिखलात असते. तोड आली तरी गाडी आत जाईना म्हणून ऊस रानातच वाळतो. पाणंदीवर खडी पडली तर माझं उत्पन्न त्याच हंगामात वाढंल.

म्हणून तीनच प्रश्न. उतरायची जागा आमच्यापासनं किती लांब? तिथं बाजार, शीतगृह, कारखाना काय उभारणार? आणि 2019, 2021 चा पूर सोसलेल्या शिरोळात रस्त्याचा भराव पाणी कुठं अडवणार? ही उत्तरं आराखड्यात, गावासमोर, मोजणीच्या आधी पाहिजेत.

तुमच्या गावात रस्ता आल्यावर माणसं वाढली का कमी झाली? खरं काय घडलं ते सांगा.