ओंबळेंचे स्मरण आणि संशयाचे कायदे

सातारा जिल्ह्याला २६ नोव्हेंबर २००८ ची आठवण करून द्यावी लागत नाही. गिरगाव चौपाटीवर अजमल कसाबची बंदूक स्वतःच्या अंगावर घट्ट धरून ठेवणारे सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे हे जावळी तालुक्यातील केडंबे गावचे. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. मात्र त्यांच्या हौतात्म्याने नेमके काय साधले, याचा विचार पुतळे आणि आदरांजलीच्या फलकांपलीकडे क्वचितच होतो. ओंबळे यांच्यामुळे हल्लेखोर जिवंत सापडला आणि म्हणूनच १६६ जणांचे बळी घेणाऱ्या हल्ल्याचा खटला पुराव्यानिशी उभा राहिला. प्रत्यक्षदर्शींच्या साक्षी, छायाचित्रे आणि दंडाधिकाऱ्यांसमोरचा कबुलीजबाब न्यायालयात तपासला गेला. २०१० मध्ये शिक्षा झाली, २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब ग्राह्य धरणाऱ्या कायद्याची तेथे गरज भासली नाही.

संसदेला मात्र तेवढी उसंत नव्हती. हल्ल्यानंतर अवघ्या २१ दिवसांनी, १७ डिसेंबर २००८ रोजी, लोकसभेने बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यातील (यूएपीए) दुरुस्ती मंजूर केली. दुसऱ्याच दिवशी राज्यसभेनेही संमती दिली. आरोपपत्राविना कोठडीची मर्यादा १८० दिवसांवर गेली. आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तरी जामीन नाकारण्याची तरतूद झाली. शोकाच्या त्या दिवसांत प्रश्न विचारणे म्हणजे मृतांचा अवमान, असे वातावरण होते आणि घाईने कायदे करण्यास याहून सोयीचे वातावरण नसते.

ही रीत आजची नाही. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे बॉम्ब फुटला आणि ३९ दिवसांनी, ८ जून रोजी, ब्रिटिश सरकारने एकाच दिवशी दोन कायदे केले. एक स्फोटक पदार्थांविरुद्ध, दुसरा वृत्तपत्रांविरुद्ध! बॉम्ब टाकणाऱ्यांपेक्षा लिहिणाऱ्यांची धास्ती अधिक असावी. त्याच बॉम्बवरील ‘केसरी’तील अग्रलेखांबद्दल लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. अकरा वर्षांपूर्वी पुण्यात रँडचा खून झाला, तेव्हा नातू बंधूंना १८२७ च्या जुन्या रेग्युलेशनखाली खटल्याविनाच डांबण्यात आले होते. स्फोटकांचा १९०८ चा कायदा स्वतंत्र भारताने ठेवून घेतला, हे समजण्यासारखे आहे. पण कारभाराची वृत्तीही ठेवून घ्यावी?

मे १९८५ मध्ये दिल्ली परिसरातील ट्रान्झिस्टर बॉम्बनंतर ‘टाडा’ आला. दहा वर्षांत ७६ हजारांहून अधिक लोकांना त्याखाली अटक झाली, शिक्षा झालेल्यांचे प्रमाण नगण्य राहिले. त्यानंतरचा ‘पोटा’ मार्च २००२ मध्ये संसदेच्या संयुक्त अधिवेशनात मंजूर झाला, तेव्हा संसदेवरील हल्ल्याची जखम ताजी होती. त्या कायद्याच्या बाजूने उभे राहिलेले सत्तारूढ आघाडीतील खासदार वायको यांनाच चार महिन्यांत, एका भाषणाबद्दल, ‘पोटा’खाली तुरुंगात जावे लागले. २००४ मध्ये ‘पोटा’ रद्द झाला, पण त्याची बरीचशी कलमे त्याच वर्षी यूएपीएमध्ये दाखल झाली.

महाराष्ट्राला याची किंमत दोन्ही बाजूंनी मोजावी लागली. ११ जुलै २००६ च्या मुंबई रेल्वे स्फोटांत १८९ जण मृत्युमुखी पडले. ‘मकोका’ न्यायालयाने २०१५ मध्ये पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या साऱ्यांना निर्दोष ठरविले, कबुलीजबाब अविश्वसनीय मानले. तोपर्यंत एका आरोपीचा तुरुंगातच मृत्यू झाला होता. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास मनाई केली, मात्र सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठविले नाही. मालेगावच्या २००६ मधील स्फोटांत अटक झालेले मुस्लिम तरुण २०१६ मध्ये आरोपमुक्त झाले. २००८ च्या मालेगाव स्फोटातील सातही हिंदू आरोपी ३१ जुलै २०२५ रोजी सुटले. धर्म कोणताही असो, वर्षे गेली ती गेलीच. आणि ज्यांची माणसे लोकलच्या डब्यांत गेली, त्यांच्या हाती काय उरले? ज्यांच्या नावाने कठोर कायदे मागितले जातात, त्यांचीच उपेक्षा या व्यवस्थेत सर्वाधिक होते. एल्गार परिषद प्रकरणात अटक झालेले ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी यांच्या वाट्याला निकालही आला नाही. ५ जुलै २०२१ रोजी ते कोठडीतच वारले.

जुलै २०२५ मध्ये राज्य विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. या वेळी आधार नक्षलवादाचा. विधेयकावर १२ हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या होत्या. आंदोलकांवर त्याचा वापर होणार नाही, असे सरकारने सांगितले. ‘टाडा’ आणि ‘पोटा’च्या वेळची आश्वासने ज्यांना आठवतात, त्यांचे यावर समाधान होणे कठीण.

त्याहून मोठा बदल मात्र फारसा गाजावाजा न होता झाला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११३ ने ‘दहशतवादी कृत्य’ हा नेहमीच्या फौजदारी कायद्यातील गुन्हा केला. महामार्गावरील अपघात आणि औद्योगिक वसाहतीतील चोऱ्यांच्या नोंदी जेथे होतात, त्या शिरवळच्या पोलीस ठाण्यातही आता हे कलम लागू शकते. गुन्हा कलम ११३ खाली की यूएपीएखाली, हे पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने ठरवायचे. यूएपीएमध्ये खटल्यापूर्वी सरकारची मंजुरी लागते, कलम ११३ मध्ये तशी अट नाही. निवड कशाच्या आधारे करायची, याचा एकही निकष कायद्यात लिहिलेला नाही.