इंजिनाला सबब चालत नाही

गाडी बिघडली की मेकॅनिककडे पाठवा, हे मला पटत नाही. सुट्टीत मामांच्या जुन्या ब्रिटिश एमजीबी स्पोर्ट्स कारचे टॅपेट आम्ही घरीच सेट केले. चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह. हिशेब नऊचा: पहिला व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की आठवा तपासायचा, तिसरा उघडला की सहावा. फट ०.०१५ इंच, फीलर गेजने मोजायची. एक लॉकनट मी नीट कसला नव्हता, तरी "झाले" म्हणालो. इंजिन सुरू केल्यावर थोड्याच वेळात टकटक ऐकू आली. मामा रागावले नाहीत. त्यांनी पाना पुन्हा माझ्या हाती दिला. रांगेत एखाद्याची चूक खपून जाते, इंजिनात नाही. ब्रेकचे काम जाणकारालाच द्यावे. पण प्रत्येक कॅडेटने एकदा तरी टॅपेटचे झाकण स्वतः उघडावे आणि "झाले" म्हणण्याआधी प्रत्येक नट पुन्हा तपासावा.