गृहारोग्य : मुलीच्या हनुवटीवरील केस

वरळीच्या बीडीडी चाळींतील खोली १६० चौरस फुटांची, शौचकूप सामाईक. तेथें मुलीच्या हनुवटीवर राठ केस आले, पाळी दोन-दोन महिने लांबूं लागली, कीं तें साऱ्या मजल्याला कळे. डॉक्टरांना मात्र सर्वांच्या शेवटीं! ऑगस्ट २०२५ मध्यें तेथील ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्या मुलींना निदान आरशापुढें एकान्त लाभेल.

भगिनींनो, टेस्टोस्टेरोन हें केवळ पुरुषांचें द्रव्य नव्हे. स्त्रियांच्या बीजकोशांत व मूत्रपिंडांवरील ग्रंथींतहि तें अल्प प्रमाणांत तयार होतें. किंबहुना त्याच्यापासूनच पुढें इस्ट्रोजेन हा स्त्रीरस बनतो. ‘पीसीओएस’ या विकारांत मात्र तें प्रमाणाबाहेर वाढतें. मग केस राठ होतात, बीज वेळेवर सुटत नाहीं. रक्तांत इन्शुलिन अधिक झालें, कीं बीजकोश तें आणखीच निर्माण करितात. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेनें मुंबईंतील १५ ते २४ वर्षांच्या मुलींची केलेली पाहणी २०१४ सालीं प्रसिद्ध झाली; रॉटरडॅम येथें ठरलेल्या निकषांनीं शेंकडा २२.५ मुलींत हा विकार दिसला.

घरांत पहिली चिंता लग्नाची! वास्तविक भिण्याजोगा आहे तो पुढें जडूं शकणारा मधुमेह. लेकीला दोरा फिरविण्यास खुशाल पाठवा. पण त्याच आठवड्यांत तिची रक्तशर्कराहि तपासून घ्या.