संमतीचा रकाना कोण आखतो?

ज्या कागदावर ‘नाही’ म्हणण्याची जागाच ठेवलेली नाही, त्या कागदावरील ‘होय’ला संमती म्हणावे काय? हा प्रश्न वकिलांच्या परिसंवादातला नाही. अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या वलगावात, किंवा वऱ्हाडातल्या कोणत्याही बाजाराच्या गावात, सेवा केंद्राच्या संगणकापुढे उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्याचा आणि शेतमजूर स्त्रीचा तो नित्याचा प्रश्न आहे. पीकविमा असो, शिष्यवृत्ती असो वा निराधारांचे अनुदान असो, अर्जाच्या शेवटी बारीक अक्षरांतला एक मजकूर येतो, त्याच्या कडेला एक लहानसा चौकोन असतो आणि त्यात खूण केल्याखेरीज अर्ज पुढे सरकत नाही. ही खूण बहुधा केंद्रचालकच करतो. मोबाइलवर आलेला ओटीपी त्याला सांगितला की अर्जदाराचे काम संपले. मजकूर कोणी वाचत नाही, कोणी वाचून दाखवत नाही. आणि तरीही सरकारदरबारी नोंद होते ती अशी की, सदर नागरिकाने स्वेच्छेने व समजून-उमजून संमती दिली!

हे अर्ज आज कसे तयार होतात, हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. पूर्वी अर्जाचा नमुना छापखान्यात जाई. त्यात फेरफार करायचा तर नवी छपाई करावी लागे. आता संगणकावर अर्ज रचण्याची तयार साधने आहेत. हवा तो रकाना आणून बसवायचा, त्याला नाव द्यायचे, उत्तराचे पर्याय ठरवायचे आणि एक कळ फिरवून तो अनिवार्य करायचा. लगेच त्याच्यापुढे तांबडी चांदणी उमटते. संमतीचे कलमही याच रीतीने बसवता येते, वगळता येते, लांबवता येते. अर्ज रचणाऱ्याला प्रत्येक रकाना आपल्या सोयीने बदलण्याची मुभा. अर्ज भरणाऱ्याला मात्र एक अक्षरही बदलण्याची मुभा नाही. तांत्रिक सोय म्हणून जिचे कौतुक चालते, ती वस्तुतः सत्तेची वाटणी आहे, आणि ती सर्वस्वी एकतर्फी आहे.

रकान्यामागे सत्ता कशी दडलेली असते, याचा धडा ‘माझी लाडकी बहीण’ योजनेने उभ्या महाराष्ट्राला दिला. जून २०२४ मध्ये विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर जाहीर झालेल्या या योजनेच्या हमीपत्रातच आधार प्रमाणीकरणास आपली हरकत नसल्याचे कलम होते. निवडणूक पार पडली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. त्या ऑनलाइन अर्जात स्त्रीच्या स्वतःच्या आधारबरोबर पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या मोबाइलवर येणारा ओटीपी मागितला गेला. ज्यांचा पती वारला आणि वडीलही हयात नाहीत, ज्यांना नवऱ्याने टाकले, ज्यांचा घटस्फोट झाला, त्यांनी या रकान्यात काय भरायचे होते? रकाना आखणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एकटी स्त्री कधी आलीच नाही. ओरड झाल्यावर अशा स्त्रियांसाठी कागदपत्रे अंगणवाडी सेविकेकडे देण्याची वेगळी वाट काढावी लागली. त्याच अर्जात कुटुंबातील कोणी सरकारी नोकरीत आहे काय, हे विचारणारा प्रश्न नकारार्थी वाक्यात घातलेला होता. ‘नाही’ला ‘होय’ म्हणायचे की ‘नाही’, या घोळात असंख्य स्त्रियांच्या उत्तराचा अर्थ उलटा लागला आणि त्यांचे हप्ते अडकले. अखेर जानेवारी २०२६ मध्ये अंगणवाडी सेविकांमार्फत प्रत्यक्ष पडताळणी करण्याची पाळी सरकारवर आली. म्हणजे वाक्य मंत्रालयाने चुकवायचे, दरमहाचे पंधराशे रुपये मजूर स्त्रीने गमवायचे आणि ते निस्तरायचे काम तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या सेविकेने करायचे!

शेतकऱ्याची कथा याहून वेगळी नाही. ‘ॲग्रीस्टॅक’ या केंद्रीय योजनेखाली शेतकऱ्याचा सातबारा आणि त्याचा आधार क्रमांक एकत्र जोडून त्याला ‘फार्मर आयडी’ दिला जातो. नोंदणीच्या शेवटी शेतकऱ्याची संमती घेतली जाते आणि ओटीपीच्या आधारे त्याची डिजिटल स्वाक्षरीही घेतली जाते. पण १५ एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्रात कृषी विभागाच्या योजनांसाठी हा क्रमांक अनिवार्य झाला. जो क्रमांक न घेतल्यास योजनेचे दार बंद होते, त्यासाठी घेतलेली संमती ही कसली संमती? शिवाय ही माहिती कोणाच्या हाती जाणार, ही शंका निराधार नाही. याच योजनेच्या उभारणीच्या काळात, २०२१ साली, केंद्रीय कृषी मंत्रालयाने मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन, पतंजली आदी कंपन्यांशी प्रायोगिक प्रकल्पांचे सामंजस्य करार केले होते, आणि शेतकऱ्यांना विचारल्याशिवाय त्यांची माहिती वापरली जाणार काय, असा सवाल तेव्हाच अनेक संघटनांनी केला होता. कोणाच्या शेतात कापूस आहे, कोणाच्या शेतात संत्र्याची बाग आहे, कोणावर किती कर्ज आहे, हे ज्याला एका जागी बसून कळते, तो बाजारात शेतकऱ्याच्या बरोबरीने उभा राहत नसतो. तो त्याच्या डोक्यावर बसलेला असतो.

यावर सांगितले जाते की, आता कायदा झाला आहे. कायदा झाला आहे खरा. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ मध्ये, वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदा संमत झाला आणि त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडले. त्यातही मुख्य बंधने अमलात आणण्यास दीड वर्षाची मुदत दिली गेली. या कायद्यात संमतीची व्याख्या उत्तम आहे. संमती मुक्त हवी, विशिष्ट कारणापुरती हवी, माहितीपूर्वक हवी, बिनशर्त हवी, निःसंदिग्ध हवी. ती मराठीसह आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत मागता आली पाहिजे. आणि ती देणे जितके सोपे, तितकेच परत घेणेही सोपे हवे. मात्र याच कायद्याच्या सातव्या कलमाने अनुदाने, लाभ व सेवा यांच्यासाठी राज्यसंस्थेला नव्या संमतीवाचून माहिती वापरण्याची वाट मोकळी ठेवली आहे. म्हणजे ज्या ठिकाणी गरीब माणसाचा सरकारशी सर्वाधिक संबंध येतो, नेमक्या त्याच ठिकाणी संमतीचे कवच पातळ होते. आणि याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कायद्यात दुरुस्ती करून ‘वैयक्तिक माहिती’च्या नावाखाली माहिती नाकारण्याची सवलत अधिकाऱ्यांना वाढवून दिली आहे. नागरिक सरकारपुढे उघडा आणि सरकार नागरिकापुढे झाकलेले, ही लोकशाहीची उलटी मांडणी होय.

आधार प्रकरणाच्या २०१८ च्या निकालाने कल्याणकारी अनुदानांसाठी आधारची सक्ती वैध ठरवली, हे आम्ही जाणतो. मग सरकारने सरळ लिहावे की, ही सक्ती आहे. अमुक कायद्याने आम्ही ती करीत आहोत. तिच्याविरुद्ध दाद अमुक ठिकाणी मागता येईल. सक्तीचा निषेध करता येतो, तिला न्यायालयात आव्हान देता येते, निवडणुकीत तिचा जाब विचारता येतो. पण सक्तीला संमतीचे नाव दिले की जबाबदारी सरकारच्या खांद्यावरून उतरून खूण करणाऱ्या माणसाच्या खांद्यावर जाते. उद्या काही बिघडले तर ‘तुम्हीच तर संमती दिली होती’ असे ऐकवायला राज्यकर्ते मोकळे! आमची लढाई या ढोंगाशी आहे.

आपल्याच गोटातले काही साथी म्हणतील की, हा सुशिक्षित मध्यमवर्गाचा प्रश्न झाला. कापसाला भाव नाही, हाताला काम नाही, तिथे रकान्यांचा कीस कशाला काढता? त्या साथींनी आपल्याच इतिहासाकडे पाहावे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी उठाव केला तेव्हा त्यांचा रोख मुख्यतः सावकाराच्या दप्तरावर होता. त्यांनी कर्जरोखे मागून घेतले आणि जाळले. उपाशी माणसांनी धान्याच्या आधी कागदाला हात घातला, कारण आपली जमीन कागदाच्या वाटेने जाते हे त्यांना अनुभवाने उमगले होते. न वाचता उठवलेला अंगठा म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावण्याची गरज नव्हती. परिणामी १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. वऱ्हाड तेव्हा वेगळ्या कारभाराखाली होता. त्या कायद्याने शेतकऱ्याचा दस्त गाव-निबंधकासमोर व्हावा, तो त्याला वाचून दाखवला जावा, गरज पडल्यास समजावून सांगितला जावा, अशी तजवीज केली. ब्रिटिशांना शेतकऱ्याचा कळवळा होता म्हणून हे घडले नाही, तर पुन्हा दंगे होऊ नयेत म्हणून घडले. पण परक्या सरकारला जे १८७९ मध्ये पटले, ते स्वतंत्र भारताच्या सरकारला आज पटत नाही, याला काय म्हणावे? वाचून दाखवणारा निबंधक गेला आणि त्याच्या जागी घाईतला केंद्रचालक आला, याला आम्ही प्रगती मानायला तयार नाही.

दुसरा आक्षेप सनदी अधिकाऱ्यांचा. लोक अडाणी आहेत, त्यांना हे कळणार नाही, म्हणून त्यांच्या वतीने खूण केलेली बरी, असे ते म्हणतात. या ‘वतीने’ शब्दाने किती अनर्थ केला आहे! २००९-१० मध्ये त्या वेळच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीचा प्रकल्प राबवला गेला, तेव्हा आश्रमशाळांतील आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या. २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कठोर ताशेरे ओढले. प्रश्न लस चांगली की वाईट, हा नव्हता. ज्यांच्या दंडात सुई गेली त्यांच्या घरच्यांना विचारले होते काय, हा होता. उलट युरोपात काय झाले पाहा. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी निर्णय दिला की, आधीच खूण करून ठेवलेला चौकोन ही संमती नव्हे. माणसाने स्वतः कृती केली पाहिजे. जर्मन ग्राहकाला जो मान मिळतो, तो वलगावच्या शेतमजुराला का मिळू नये?

तेव्हा मागण्या स्पष्ट हव्यात. प्रत्येक ऑनलाइन संमतीपत्रात ‘संमती आहे’ आणि ‘संमती नाही’ हे दोन्ही पर्याय सारख्याच आकाराचे, कोरे असावेत. ‘नाही’ म्हटल्याने हक्काचा लाभ थांबता कामा नये. प्रत्येक रकान्याशेजारी तो कशासाठी आहे, हे एका सरळ मराठी वाक्यात लिहिलेले असावे. कारण सांगता येत नसेल तर रकाना काढून टाकावा. वेगवेगळ्या कारणांसाठी वेगवेगळी संमती मागावी. विम्यासाठी दिलेली माहिती खत-बियाण्यांच्या जाहिरातीसाठी जाऊ नये. मजकूर मोठ्याने वाचून दाखवण्याची जबाबदारी केंद्रचालकावर असावी आणि त्या कामाचा मोबदला त्याला सरकारने द्यावा. अर्जाची छापील प्रत अर्जदाराच्या हाती पडावी आणि तिच्यावर संमती मागे घेण्याची रीत लिहिलेली असावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्रत्येक अर्जात एक मोकळा रकाना असावा: ‘माझी अट’. रकाने बदलण्याची मुभा जर या तंत्राची थोरवी असेल, तर ती मुभा एका बाजूचीच मिरास का राहावी?

हे नियम आधी आपल्या घरात लागू झाले पाहिजेत. आरोग्य शिबिर, सर्वेक्षण, सभासद नोंदणी यांसाठी आपले कार्यकर्तेही आता मोबाइलवर अर्ज रचतात. सभासदाची जात, आजार वा छायाचित्र मागताना त्याला कारण सांगितले पाहिजे. छायाचित्र छापण्याची संमती निराळी मागितली पाहिजे. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यापुढे मजकूर वऱ्हाडीत बोलून दाखवला पाहिजे. संघटनेच्या अर्जावर तांबडी चांदणी जितकी कमी, तितकी संघटना लोकांची.

याच वलगावजवळ, पेढी नदीच्या परिसरात, २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. शाळेची पायरी न चढलेला हा माणूस कीर्तनात हजारोंना वऱ्हाडीत प्रश्न विचारी आणि समुदायाकडून उत्तर आल्याशिवाय पुढे सरकत नसे. त्यात समोरच्या माणसाच्या बुद्धीविषयीचा आदर होता. सरकारच्या अर्जात आज नेमका तोच हरवला आहे. म्हणून साथींनो, येत्या ग्रामसभेपुढे हा विषय मांडा. आपल्या गावात कोणकोणत्या अर्जांवर आपल्या नावाने खुणा झाल्या, त्यांचा मजकूर काय होता, याची यादी मागा, आणि तो मजकूर सभेत मोठ्याने वाचून घ्या. वाचून झाल्यावर गावाला एकच विचारा: आता सांगा, संमती आहे काय?