अपात्रतेचे वर्ष कोणते?

प्रधानमंत्री किसान सन्मान निधीच्या वसुलीविषयी आमच्याकडील एका विद्वान गृहस्थांचे मत गेले काही दिवस नांदेडपासून लातूरपर्यंत सभांतून आणि बैठकांतून ऐकू येत आहे, आणि ते ज्या निःशंकतेने मांडले जाते ती पाहता त्याचा परामर्श घेतल्यावाचून राहवत नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: आयकर भरणाऱ्या ज्या शेतकऱ्यांनी हे हप्ते घेतले ते सारे लबाड, त्यांनी स्वयंघोषणापत्रावर सही करून शासनास फसविले, पैसा करदात्यांचा आहे, तेव्हा तहसीलदारांच्या नोटिशीत लिहिलेला आकडा प्रत्येकाने निमूटपणे भरावा, आणि जो कारण विचारील त्याची मालमत्ता खुशाल जप्त करावी.

सरकारी नोकरीत असून ज्यांनी जाणूनबुजून हप्ते उचलले त्यांच्याकडून पैसा परत घ्यावा, याविषयी माझा वाद नाही. पैसा करदात्यांचा आहे, हेही खरे. पण करदाता म्हणजे केवळ पगारातून कर कापला जाणारा नव्हे, डिझेल आणि कापड विकत घेणारा कंधारचा शेतकरीही करदाताच आहे. माझा खरा आक्षेप निराळा आहे.

या योजनेची घोषणा १ फेब्रुवारी २०१९ रोजी अंतरिम अर्थसंकल्पात झाली आणि २४ फेब्रुवारीस पहिला हप्ता खात्यांवर जमा होऊ लागला. या तेवीस दिवसांत तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांनी गावोगावच्या याद्या केल्या, छापील घोषणापत्रांवर सह्या आणि अंगठे घेतले, आधार क्रमांक व खातेक्रमांक उतरवून घेतले, आणि ते काम महसूल खात्याचे की कृषी खात्याचे हा वाद पुढे वर्षानुवर्षे चालत राहिला. दोन हेक्टरांची जी मर्यादा आरंभी होती ती त्याच वर्षी लोकसभेची निवडणूक होताच उठविण्यात आली. ज्या शासनाजवळ आयकराच्या नोंदी आहेत, जमिनीच्या नोंदी आहेत, निवृत्तिवेतनाच्या नोंदी आहेत, त्या शासनाने त्या परस्परांशी ताडून पाहण्याचे काम पैसे वाटून झाल्यावर हाती घेतले आणि २०२० नंतर नोटिसा काढल्या. आणि तरीही चूक कोणाची असे विचारले की बोट दाखविले जाते ते देवणीच्या किंवा मुखेडच्या खातेदाराकडे! तपासणी ज्याने करावयाची त्याने ती केली नाही, आणि जाब मात्र ज्याची तपासणी व्हावयाची होती त्याला विचारला जातो, हा न्याय माझ्या बुद्धीस पटत नाही.

पण याहूनही गंभीर गोष्ट पुढे आहे, आणि आमच्या विद्वान मित्रांनी तिच्याकडे पाहण्याचे कष्टही घेतलेले नाहीत. योजनेतून वगळले आहेत ते मागील कर-आकारणी वर्षात आयकर भरलेले लोक. नुसते विवरणपत्र दाखल केलेले लोक नव्हेत. धरणात किंवा रस्त्यात जमीन गेल्याने मिळालेला मावेजा बँकेत ठेवीत ठेवणारा, टेम्पो भाड्याने लावणारा, किराणा दुकानासाठी कर्ज मागणारा, असा हरेक मनुष्य आज विवरणपत्र भरतो; व्याजातून किंवा भाड्यातून आगाऊ कापलेली रक्कम परत मिळावी म्हणून भरतो, बँक मागते म्हणून भरतो, आणि त्याचा देय कर शून्य असतो. ज्या अर्थसंकल्पाने ही योजना जाहीर केली त्याच अर्थसंकल्पाने पाच लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावरील संपूर्ण कर माफ केला; म्हणजे एका हाताने ज्याला करमुक्त केले त्याचेच विवरणपत्र पाहून त्याला करदाता ठरविण्याचा संभव त्याच दिवशी निर्माण झाला. शिवाय एखाद्या वर्षी एखादा व्यवहार झाल्याने कर भरावा लागला म्हणून त्याच्या मागचीपुढची सारी वर्षे अपात्र कशी ठरतात? वर्षास सहा हजार, हप्ता दोन हजारांचा. मग कोणत्या आकारणी वर्षामुळे कोणता हप्ता अनुचित ठरला, एवढे सांगावयास एक ओळ पुरे, आणि ती ओळ ज्या नोटिशीत नाही ती नोटीस कारण न सांगता केलेली मागणी आहे. ऑस्ट्रेलियात वर्षाचे उत्पन्न पंधरवड्यांत सरासरीने वाटून यंत्राकरवी लाखो गरिबांवर अशीच देणी लादली गेली. २०१९ मध्ये ती पद्धत न्यायालयात बेकायदा ठरली आणि २०२३ च्या जुलैत चौकशी आयोगाने तिच्यावर कठोर ठपका ठेवला. नेदरलंड्समध्ये बालसंगोपन भत्त्याच्या अशाच वसुलीपायी २०२१ च्या जानेवारीत मंत्रिमंडळास पायउतार व्हावे लागले.

हा वाद मराठवाड्यात नवा नाही. शाळेत तीस वर्षे शिकवून निवृत्त होणाऱ्या गुरुजींच्या सेवापुस्तकावर वेतनपडताळणी पथकाने ऐन निवृत्तीच्या तोंडावर आक्षेप नोंदवावा, पंधरा वर्षांपूर्वीची वेतननिश्चिती चुकली म्हणून उपदानातून रक्कम कापावी, आणि ती निश्चिती करणाऱ्या कार्यालयाला कोणी काही विचारू नये, हे आम्ही पाहिले आहे. तेव्हाही हेच गृहस्थ ‘चुकून दिलेले परत घेणारच’ म्हणत होते. त्यांना आधार होता २०१२ मधील एका निर्णयाचा. परंतु १८ डिसेंबर २०१४ रोजी रफिक मसीह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तृतीय व चतुर्थ श्रेणीचे कर्मचारी, निवृत्त झालेले अथवा वर्षभरात निवृत्त होणारे, आणि पाच वर्षांहून अधिक काळ जादा वेतन मिळालेले, यांच्याकडून वसुली अनुज्ञेय नाही असे स्पष्ट केले. तो निर्णय वेतनाचा आहे, किसान निधीचा नव्हे, हे मी जाणतो; परंतु देणाऱ्याच्या चुकीचा भार घेणाऱ्यावर किती टाकावा यास मर्यादा आहे, हे त्यातले तत्त्व शेतकऱ्याला का नाकारावे? हमीपत्र दिलेल्यांकडून वसुली करता येते असा २०१६ चा निर्णय आमचे मित्र पुढे करतील. तो वेतनवाढ घेताना समजून-उमजून दिलेल्या हमीविषयी आहे. चावडीवर घाईघाईने पुढे सरकविलेल्या छापील कागदास ती योग्यता देता येत नाही.

मग करावे काय? नोटिशीत आकारणी वर्ष आणि हप्त्यांचा तपशील द्यावा. म्हणणे मांडण्यास मुदत द्यावी. शून्य कराचे विवरणपत्र दाखविणाऱ्याचे प्रकरण तेथेच बंद करावे. खरोखर देणे निघाल्यास परतफेडीस हप्ते बांधून द्यावेत. आणि यादी मंजूर करणाऱ्यांची जबाबदारीही त्याच संचिकेत नोंदवावी.

ज्यांच्या हाती अशी नोटीस पडली असेल त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी घाबरून पैसे भरू नयेत आणि नोटीस फाडूनही टाकू नये. त्या त्या वर्षाच्या विवरणपत्राची पोच आणि करकपातीचा सव्वीस-एएस उतारा काढावा, देय कर शून्य असल्यास तसे लिहून तहसील कार्यालयात अर्ज द्यावा, अपात्रतेचे वर्ष कोणते ते लेखी मागावे, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नये.