गुन्ह्याची हद्द आणि न्यायाची हद्द

शहापूर तालुक्यातून कसारा घाट चढला की नाशिक जिल्हा लागतो. मुरबाडकडून माळशेज घाट चढून गेले की पुणे जिल्हा सुरू होतो. ज्यांच्याशी आपला नित्याचा शेजार, ते वाडा व मोखाडा हे तालुके १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेले. दिवाळी सरली की या दोन तालुक्यांतील कितीतरी कुटुंबे वीटभट्टीच्या कामासाठी भिवंडी-कल्याणच्या बाजूस उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी आपल्या पाड्यावर परततात. पोटासाठी गरिबाला हद्दी ओलांडाव्याच लागतात. परंतु अशा परमुलखात लेकीसुनेवर बलात्काराचा प्रसंग ओढवला आणि तिचा बाप गावी येऊन ठाण्यात फिर्याद देऊ लागला, म्हणजे पुष्कळदा पहिले उत्तर मिळते ते असे : "हे आमच्या हद्दीत घडलेले नाही." या एका वाक्याने जितके गुन्हे मातीआड गेले असतील, तितके साक्षीपुराव्याच्या अभावी सुटले नसतील. म्हणून आज या हद्दीच्या प्रश्नाचाच विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

एखादे अमानुष कृत्य उघडकीस आले की चावडीवर नि एस. टी. स्टँडवर एकच बोलणे सुरू होते : अमुक देशात याला फाशी देतात, तमक्या देशात भर चौकात मारतात, आपल्याच देशात कायदा नरम. हे बोलणे संतापातून येते आणि तो संताप योग्यच आहे. परंतु वस्तुस्थिती काय आहे, हे आपल्या बौद्ध बांधवांनी शांतपणे जाणून घेतले पाहिजे.

देशोदेशींचे कायदे भिन्न आहेत यात शंका नाही. इंग्लंडमध्ये बलात्काराला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते; फाशी तेथे नाही. स्वीडनने २०१८ साली कायदा बदलला आणि स्त्रीने प्रतिकार केला की नाही हे न पाहता तिचा स्वेच्छेने सहभाग होता की नाही, एवढेच पाहावे असे ठरविले. बांगलादेशाने २०२० साली या गुन्ह्यास फाशीची तरतूद केली. विवाहित स्त्रीच्या बाबतीत तर अंतर फारच मोठे आहे. पतीने केलेला बलात्कार हाही बलात्कारच, असा निर्णय नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला. इंग्लंडच्या उमराव सभेने तो १९९१ सालीच दिला होता. आपल्याकडे मात्र पत्नी अठरा वर्षांवरील असल्यास पतीस आजही हा अपवाद लागू आहे. म्हणजे हिमालयाच्या कुशीतल्या लहानशा देशाने जे मान्य केले, ते आपल्या दंडसंहितेने अद्याप मान्य केलेले नाही. शिक्षेच्या कठोरपणात आपण मागे आहोत असे नव्हे. स्त्रीच्या संमतीला किंमत देण्यात मागे आहोत. या दोन गोष्टी एक नव्हेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

आता आपल्या देशातील भेद पाहू. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा घटना समितीपुढे मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले होते की, संघराज्यात कायद्यांची विविधता ठराविक मर्यादेपलीकडे गेली तर गोंधळ माजतो. म्हणून न्यायव्यवस्था एक असावी आणि दिवाणी व फौजदारी स्वरूपाचे मूलभूत कायदे देशभर सारखे असावेत. त्यांचा हा विचार किती दूरदृष्टीचा होता, हे पुढे अनुभवास आले. जम्मू-काश्मिरात २०१९ पर्यंत भारतीय दंडसंहिता नव्हे, तर रणबीर दंडसंहिता चालत असे. जानेवारी २०१८ मध्ये कठुआ येथे एका बालिकेवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. सर्वोच्च न्यायालयाने तो खटला पंजाबातील पठाणकोटला हलविला. परंतु कायदा लागला तो रणबीर संहितेचाच. बालकांच्या संरक्षणाचा २०१२ चा पोक्सो कायदा आणि अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांस प्रतिबंध करणारा १९८९ चा कायदा, हे दोन्ही त्या काळी तेथे लागू नव्हते. आपल्या शेजारचे उदाहरण गोव्याचे. गोव्याने २००३ सालीच बालकांसाठी स्वतंत्र कायदा करून त्यांच्यासाठी वेगळे न्यायालय दिले. नऊ वर्षेपर्यंत तेरेखोल नदीच्या पलीकडच्या बालकाला जे संरक्षण होते, ते अलीकडच्या सावंतवाडीच्या बालकाला नव्हते.

आज परिस्थिती बदलली आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता सर्व देशात लागू झाली. बलात्काराला किमान दहा वर्षे सक्तमजुरी व कमाल जन्मठेप. मुलगी सोळा वर्षांखालील असल्यास किमान वीस वर्षे. बारा वर्षांखालील असल्यास फाशीपर्यंत शिक्षा. हे मुंबईत जसे, तसेच डोळखांब नि टोकावड्यासही. फौजदारी कायदा हा केंद्र व राज्य या दोहोंच्या सामाईक सूचीतला विषय असल्यामुळे केंद्राच्या कायद्याविरुद्ध जाणारी तरतूद राज्याला करावयाची तर राष्ट्रपतींची संमती लागते. आंध्र प्रदेशाने २०१९ साली 'दिशा', महाराष्ट्राने डिसेंबर २०२१ मध्ये 'शक्ती' आणि पश्चिम बंगालने सप्टेंबर २०२४ मध्ये 'अपराजिता' अशी विधेयके मोठ्या गाजावाजाने संमत केली. त्यांपैकी एकही अशा संमतीने अमलात येऊ शकले नाही. टाळ्या मात्र तिन्ही विधिमंडळांत पडल्या.

तर मग कायदा एक झाला म्हणून न्यायही एक झाला काय? दुर्दैवाने याचे उत्तर नकारार्थी द्यावे लागते. २६ मार्च १९७२ रोजी तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातच एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याची फिर्याद झाली. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, नागपूरच्या उच्च न्यायालयाने दोषी ठरविले आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडून दिले. का, तर तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या. कायदा एकच, राज्यही एकच. पण न्यायाधीशाच्या मनातली स्त्रीची प्रतिमा वेगळी. उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर व लतिका सरकार या चार कायदेपंडितांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. गरीब मुलीची फिर्याद हरली, पण तिने देशाचा कायदा बदलला.

दुसरे उदाहरण आपल्या जिल्ह्यातले आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेतील दोन बालिकांवर अत्याचार झाल्याची तक्रार घेऊन पालक ठाण्यात गेले, तर गुन्हा नोंदविण्यासाठी त्यांना कित्येक तास तिष्ठत बसावे लागले. २० ऑगस्टला लोकांनी रेल्वे अडविली, तेव्हा सरकार हलले. पुढे २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना गोळी लागून मेला. अनेकांनी पेढे वाटले. आम्हास त्यात आनंद वाटला नाही. ज्या खटल्याचा निकाल भर न्यायालयात लागावयास हवा होता, त्यातील मुख्य आरोपीचा निकाल रस्त्यावर लागला. आणि ज्या व्यवस्थेने आईबापांना ताटकळत ठेविले, तिलाच जणू प्रशस्तिपत्र मिळाले. घटनेने चालणाऱ्या समाजाला हे शोभत नाही. याउलट जुलै २०२५ मध्ये शहापुरातील एका शाळेत मासिक पाळीच्या संशयावरून मुलींना विवस्त्र करून तपासल्याची तक्रार झाली, तेव्हा पालक एकत्र जमले, ठाण्यात गेले आणि पोक्सोखाली गुन्हा नोंदवून घेतला. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील. परंतु मुलींनी घरी येऊन सांगितले आणि आईबापांनी ऐकले, हा धडा घेण्यासारखा आहे.

आता जो भाग विशेषतः धर्मांतरित कुटुंबांच्या हिताचा आहे, त्याकडे वळू. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा प्रथम हिंदूंपुरताच होता. १९५६ साली शिखांना व १९९० साली बौद्धांना तो मिळाला. म्हणजे १९५६ च्या दीक्षेनंतर चौतीस वर्षे आपला समाज केंद्राच्या या यादीबाहेर होता. आज अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण बौद्धांस पूर्णपणे आहे. आदिवासी बांधवांच्या बाबतीत धर्माची अट मुळीच नाही. आपले शेजारी कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, वारली हे कोणत्याही धर्माचे असोत, त्यांस तो लागू आहे.

परंतु कायदा लागू असणे निराळे आणि तो न्यायालयात टिकणे निराळे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका बौद्ध कुटुंबातील चार जणांची हत्या झाली. सप्टेंबर २००८ मध्ये न्यायालयाने आठ जणांस खुनाबद्दल दोषी धरले. पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लावला नाही आणि विनयभंगाचा आरोपही सिद्ध मानला नाही. शिक्षा झाली, परंतु गुन्ह्याचे खरे नाव निकालात आले नाही. अशा निकालांतून बोध घेऊन संसदेने कायदा सुधारला. पूर्वी 'ती अमुक जातीची आहे म्हणूनच' गुन्हा केला असे सिद्ध करावे लागे. २६ जानेवारी २०१६ पासून, ती त्या जातीची आहे हे आरोपीस माहीत होते, एवढे पुरे आहे. आणि आरोपीची कुटुंबाशी ओळख असेल तर ते माहीत होते असेच न्यायालयाने धरावयाचे आहे. खेड्यात कोण कोणास ओळखत नाही?

येथे आमचे नवदीक्षित बांधव एक प्रश्न विचारतात, आणि तो प्रश्न प्रामाणिक आहे : आम्ही जात टाकली, मग कोर्टापुढे जातीचा दाखला का न्यावा? आमचे उत्तर असे की, जात तुम्ही टाकली, ती हल्लेखोराने टाकलेली नाही. त्याने ज्या दृष्टीने तुमच्या मुलीकडे पाहिले, त्या दृष्टीची नोंद म्हणजे तो दाखला होय. तो तुमच्या धर्माचा दाखला नव्हे, त्याच्या अपराधाचा पुरावा आहे. घरात 'बौद्ध' एवढेच लिहिलेले कागद असतील तर आजच प्रांत कचेरीतून योग्य दाखला करून घ्यावा. संकट आल्यावर धावाधाव करू नये. मात्र दाखला हाती नाही म्हणून फिर्याद घेण्याचे कोणी नाकारू शकत नाही.

पुढील गोष्टी प्रत्येक घरात ठाऊक असाव्यात. गुन्हा कोठेही घडलेला असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात खबर देता येते. ठाण्याने ती शून्य क्रमांकाने नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवावयाची असते. पीडित स्त्रीची खबर स्त्री अधिकाऱ्याने लिहून घ्यावयाची असते आणि तिची प्रत फुकट मिळते. बलात्काराची खबर न नोंदविणाऱ्या अंमलदारास सहा महिने ते दोन वर्षे सक्तमजुरीची शिक्षा आहे. त्याने ऐकले नाही तर पोलीस अधीक्षकांस टपालाने लेखी कळवावे, तेथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जावे. कोणत्याही रुग्णालयास, सरकारी असो वा खाजगी, उपचार नाकारता येत नाहीत. स्त्रियांस आणि अनुसूचित जाती-जमातींस तालुका विधी सेवा समितीमार्फत वकील फुकट मिळतो. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली बलात्काराच्या प्रकरणी पाच लाख व सामूहिक बलात्काराच्या प्रकरणी सव्वाआठ लाख रुपये साहाय्य असून, त्यातील निम्मे वैद्यकीय तपासणीनंतरच द्यावयाचे आहे. निकालाची वाट पाहावयाची नाही.

शेवटी एक कटू गोष्ट सांगितल्यावाचून आम्हास राहवत नाही. आरोपी स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायदा लागत नाही. दंडसंहिता व पोक्सो मात्र लागतातच. परंतु आरोपी आपल्याच वस्तीतला असला म्हणजे आपलीच वडीलधारी मंडळी विहाराच्या ओट्यावर बसून 'समाजाची बदनामी नको' म्हणून दहा-वीस हजारांत मिटवामिटव करू पाहतात, किंवा त्याच मुलीचे त्याच माणसाशी लग्न लावून देण्याचा तोडगा काढतात. हा न्याय नव्हे, हा दुसरा गुन्हा होय. बालकावरील अत्याचाराची माहिती असून ती न कळविणारा पोक्सोखाली स्वतःच अपराधी ठरतो. अठरा वर्षांखालील पत्नीशी केलेला संबंध हा बलात्कारच, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा पंधरा-सोळा वर्षांच्या मुली उजविणाऱ्या आईबापांनीही सावध व्हावे. आपण तिसरे शील रोज ग्रहण करतो, ते केवळ परक्यांसाठी नव्हे.

बेकारिया नावाच्या इटालियन विचारवंताने १७६४ सालीच सांगून ठेविले आहे की, गुन्हा थांबतो तो शिक्षेच्या क्रूरतेने नव्हे, तर शिक्षा चुकणार नाही या खात्रीने. देशोदेशींचे कायदे तपासून आम्हास हेच सत्य दिसते. फाशीची तरतूद असलेला कायदा ठाण्याच्या पायरीवरच अडला तर तो कागद आहे; दहा वर्षांच्या शिक्षेचा कायदा खर्डीच्या मजुराच्या मुलीपर्यंत पोहोचला तर ते राज्य आहे. एक देश, एक फौजदारी कायदा ही बाबासाहेबांची इच्छा पुस्तकात पुरी झाली. ती शहापूर नि मुरबाडच्या शेवटच्या पाड्यापर्यंत पुरी करणे हे आता आपले काम आहे. "आमच्या हद्दीत नाही" असे ज्या दिवशी कोणी म्हणेल, त्या दिवशी ठाण्याच्या दारात एकटा बाप उभा न राहता सारी वस्ती उभी राहिली पाहिजे.